रोजकीर्द दिवसाची, खतावणी रात्रीची

माझा मुलगा तबला शिकतो. गेल्या पावसाळ्यात एका पलट्यातल्या ‘तिरकिट’पाशी त्याची बोटं अडखळत होती. तासभर घासलं तरी सुटेना, शेवटी रडकुंडीला आला. गुरुजी म्हणाले, “ठेव आता. जेव, झोप. सकाळी बघ.” सकाळी दप्तर भरण्याआधी त्यानं तबल्यावर हात ठेवला आणि तो तुकडा निघाला. अगदी स्वच्छ नव्हे, पण अडखळणं गेलं होतं. मधल्या नऊ-दहा तासांत त्यानं तबल्याला हातही लावला नव्हता.

सायकल, पेटी, टायपिंग, पोहणं, यांतलं काहीही शिकलेल्याला हे ओळखीचं वाटेल. आपण म्हणतो, “हात बसला.” तो नेमका कधी बसला हे मात्र विचारत नाही. २००२ साली झोपेचे अभ्यासक मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विचारलं. त्यांनी लोकांना एका हाताच्या बोटांनी आकड्यांचा ठरावीक क्रम जमेल तितक्या वेगानं दाबायला शिकवला. सकाळी शिकून दिवसभर जागे राहिले त्यांचा वेग बारा तासांनी जवळजवळ तितकाच होता. मधे रात्रीची झोप झाली त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला, आणि चुका काही वाढल्या नाहीत. यात झोपेचा वाटा किती आणि दमलेल्या बोटांना मिळालेल्या विश्रांतीचा किती, यावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाले, आजही होतात. पण गुरुजींचं “ठेव आता” हे नुसतं समजूत काढणं नव्हतं एवढं नक्की.

झोपेचे तास अभ्यासातून वजा करायचे नसतात, अभ्यासातच धरायचे असतात. मला सांगायचं आहे ते एवढंच. आणि ते का, हे जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे.

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. दिवसभर गिऱ्हाईक येईल तशी नोंद रोजकीर्दीत व्हायची. कुणी साखर नेली, कुणी उधारी फेडली, हमालाला पैसे दिले, सगळं आलं त्या क्रमानं, घाईघाईत. रात्री दुकानाच्या फळ्या लागल्या की मुनीम दिव्याजवळ बसून त्याच नोंदी खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढवायचा. कीर्द कितीही नीट लिहिलेली असली तरी खतावणी झाल्याशिवाय कोणाकडून किती येणं आहे ते सांगता येत नसे. आणि दुकान उघडं असताना खतावणीला बसणं कठीण, कारण मधेच दहा गिऱ्हाइकं हाका मारणार.

मेंदूची व्यवस्था बरीचशी अशीच आहे. कानांच्या पातळीला, मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना, हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा वळलेला भाग असतो. आज वर्गात काय झालं, गाडीची किल्ली कुठे ठेवली, नवीन शेजाऱ्यांचं नाव काय, या ताज्या नोंदी पकडण्याचं काम तो करतो. ही झाली रोजकीर्द. वर्षानुवर्षं टिकणारं ज्ञान मुख्यतः मेंदूच्या बाहेरच्या सुरकुतलेल्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, पसरून साठतं. ती खतावणी.

हे दोन कप्पे वेगळे आहेत हे कळलं ते एका माणसाच्या दुर्दैवामुळे. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन या तरुणाला अपस्माराचे भयंकर झटके यायचे. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, ते थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढून टाकला. झटके कमी झाले. पण त्यानंतर त्याला नवीन काही लक्षातच राहीना. आताच भेटून गेलेली व्यक्ती परत आली की ती त्याला नवीनच असायची. लहानपणच्या गोष्टी मात्र त्याला आठवत होत्या. कीर्द गेली होती, पण पूर्वी खतावलेलं शाबूत होतं. २००८ मध्ये त्याचा मृत्यू झाला; तोवर पन्नासहून अधिक वर्षं त्यानं शास्त्रज्ञांना स्वतःचा अभ्यास करू दिला. स्मृतीबद्दल आज जे आपल्याला माहीत आहे त्यातला मोठा भाग या माणसाचं देणं आहे.

आता प्रश्न असा की कीर्दीतली नोंद खतावणीत जाते कधी? झोपेचा यात हात असावा अशी शंका फार जुनी आहे. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायला लावली आणि काही तासांनी किती आठवतात ते पाहिलं. मधले आठ तास झोपेत गेले तर निम्म्याच्या आसपास अक्षरं शिल्लक राहत. तेच आठ तास जागेपणी गेले तर दहातलं जेमतेम एखादं. त्या काळी याचा अर्थ असा लावला गेला की झोपेत नवीन काही कानावर पडत नाही, म्हणून जुनं पुसलं जात नाही. म्हणजे दुकान बंद, म्हणून वही सुरक्षित. बंद दुकानात मुनीम कामाला बसलेला आहे हे कळायला आणखी सत्तर वर्षं लागली.

१९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन हे शास्त्रज्ञ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बारीक तारा घालून तिथल्या चेतापेशींची नोंद घेत होते. या भागात ठरावीक जागेसाठी ठरावीक पेशी असतात. उंदीर या कोपऱ्यात गेला की ही पेशी पेटते, त्या वळणावर गेला की ती. उंदीर फिरून दमला, झोपला. आणि गाढ झोपेत त्याच पेशी पुन्हा जोडीनं पेटू लागल्या. पुढच्या संशोधनात दिसलं की दिवसा ज्या क्रमानं त्या पेटल्या होत्या तोच क्रम झोपेत पुन्हा चालतो, तोही साधारण वीसपट वेगानं. उंदीर टोपलीत निपचित पडलेला असतो आणि त्याचा मेंदू दिवसभराच्या वाटा भराभर तुडवत असतो. आपल्या शाळेत यालाच उजळणी म्हणतात.

या उजळणीच्या वेळी हिप्पोकॅम्पसमध्ये अगदी क्षणभराच्या तीव्र लहरी उठतात. २००९ मध्ये पॅरिसमधल्या शास्त्रज्ञांनी झोपलेल्या उंदरांमध्ये ह्या लहरी उठल्या की लगेच विस्कटून टाकल्या. उंदरांची झोप तेवढीच झाली होती, तरी ते नवी वाट शिकण्यात मागे पडले. झोप ‘किती’ झाली याच्याबरोबरच झोपेत काय चालू होतं हेही महत्त्वाचं, ते असं.

निरोगी माणसाच्या डोक्यात अशा तारा घालता येत नाहीत, म्हणून जर्मनीतल्या ल्युबेक इथल्या संशोधकांनी एक सुंदर युक्ती केली. पत्त्यांच्या जोड्या लावायचा खेळ आपण लहानपणी खेळलेलो असतो: सगळी पानं पालथी, कुठे काय आहे ते लक्षात ठेवायचं. त्यांनी हा खेळ शिकवताना खोलीत गुलाबाचा वास सोडला. मग लोक झोपल्यावर, गाढ झोपेत, एका रात्री त्यांना पुन्हा तोच वास दिला, एका रात्री दिला नाही. कुणी जागं झालं नाही. झोपण्याआधी जेवढ्या जोड्यांच्या जागा आठवत होत्या, त्यांपैकी वासाच्या रात्रीनंतर सुमारे ९७ टक्के शिल्लक राहिल्या, बिनवासाच्या रात्रीनंतर सुमारे ८६ टक्के. तोच वास जागेपणी दिला तर असा फायदा झाला नाही. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. मला हा प्रयोग सगळ्यांत आवडतो, कारण इथे कुणीतरी झोपलेल्या मुनिमाच्या कानात हळूच सांगितल्यासारखं आहे: आज त्या पानापासून सुरू कर.

रात्रभर झोप एकसारखी नसते, हे यात लक्षात घ्यायला हवं. साधारण दीड-दीड तासाचे फेरे होतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत गाढ झोप जास्त असते. मेंदूच्या लाखो पेशी एका तालात शांत होतात आणि एका तालात जाग्या होतात, सेकंदाला एकाहूनही कमी वेळा. त्या संथ तालावर मधून मधून छोटी वेगवान आवर्तनं येतात आणि त्यांच्या पोटात हिप्पोकॅम्पसच्या लहरी बसतात. विलंबित ठेक्यात द्रुत तिहाई नेमकी समेवर यावी तसा हा मेळ असतो, आणि तो जितका नेमका जुळतो तितकं सकाळी चांगलं आठवतं असं दिसलं आहे. वयानुसार ही गाढ झोप उथळ होत जाते. म्हातारपणी नवीन गोष्टी लवकर निसटतात त्याचं हेही एक कारण असावं.

पहाटेकडे चित्र बदलतं. डोळे पापण्यांआड भराभर हलतात, स्वप्नं रंगतात, अंगाचे स्नायू सैल पडलेले असतात. याला रेम झोप म्हणतात. १९५३ मध्ये शिकागोमध्ये युजीन ॲसरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी तिचं वर्णन केलं. आपली ‘साखरझोप’ बहुधा या भागात मोडते. भावनांशी जोडलेल्या आठवणींची उस्तवार इथे होते असं मानलं जातं. बोटांच्या त्या प्रयोगातही ज्यांचा वेग वाढला त्यांची वाढ रात्रीच्या शेवटच्या भागातल्या हलक्या झोपेशी जोडलेली आढळली. म्हणजे जो मुलगा रात्री एकला झोपून पाचला उठतो, त्याचे झोपेचे नुसते काही तास गेलेले नसतात. पहाटेचा जो भाग तो कापतो त्यात विशिष्ट काम व्हायचं असतं, ते अर्धवट राहतं.

खतावणीत नोंदी चढवताना मुनिमाला आणखी एक गोष्ट दिसायची. कीर्दीत विखुरलेल्या नोंदी एका खात्यावर आल्या की अरे, हा माणूस दर महिन्याच्या अखेरीलाच उधारी नेतो, हे ध्यानात यायचं. झोपेतही तसं होतं. २००४ मध्ये ल्युबेकच्याच गटानं लोकांना आकड्यांचं एक कोडं सोडवायला दिलं. त्यात उत्तर चटकन काढणारी एक आडवाट लपवलेली होती, पण ते कुणाला सांगितलं नव्हतं. तेवढाच वेळ जागं राहिलेल्यांच्या तुलनेत झोपून आलेल्यांपैकी दुपटीहून अधिक लोकांना ती आडवाट सापडली. गणितात अडलेलं उदाहरण सकाळी सुटतं, ते म्हणून.

झोप शिकण्याच्या आधीही लागते. रात्रभर जागलेल्या माणसाचा हिप्पोकॅम्पस दुसऱ्या दिवशी नवीन गोष्टी नीट पकडत नाही. पुस्तकावर डोळे फिरतात, कीर्दीत शाई उमटत नाही. इथे लोक चहा-कॉफीचा आधार घेतात. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यामुळे पेंग येते. कॅफिन ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, इतकंच. थकवा तिथेच असतो, त्याची वर्दी पोचत नाही. शिवाय प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातला घेतलेली कडक कॉफी मध्यरात्रीही अर्धी शिल्लक असते.

“मला पाच तास पुरतात, सवय आहे,” असं म्हणणारे घराघरांत आहेत. त्यांनी हा प्रयोग जरूर ऐकावा. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी प्रौढांना सलग चौदा दिवस ठरावीक झोप दिली. कुणाला आठ तास, कुणाला सहा, कुणाला चार. सहा तासवाल्यांचं लक्ष आणि कामाची अचूकता रोज थोडी थोडी घसरत गेली. दोन आठवड्यांच्या अखेरीस त्यांची घसरण एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी झाली होती. पण मला हादरवणारा भाग पुढचा आहे. ‘तुम्हाला किती झोप येते आहे’ असं विचारल्यावर त्यांची उत्तरं काही दिवसांनी स्थिरावली होती. घसरण चालू होती, तिची जाणीव थांबली होती. सवय कशाची होते, तर न जाणवण्याची.

म्हणूनच फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे घरोघर जे चालतं ते पाहून वाईट वाटतं. दहावी-बारावीचं मूल घरात असलं की “रात्रीचा दिवस करतोय” हे आपण कौतुकानं सांगतो. थर्मासमध्ये चहा भरून ठेवतो. माझ्या आईनंही भरून ठेवला होता, प्रेमानंच. आणि मीही बारावीच्या रसायनशास्त्राच्या पेपरात आदल्या रात्री दोन वाजता वाचलेल्या समीकरणासमोर कोरं मन घेऊन बसून राहिलो होतो. त्या पानावर कोपऱ्यात पडलेला चहाचा डाग आठवत होता, समीकरण नाही.

मग परीक्षेच्या आदल्या रात्री नीट झोपलं की झालं का? तेवढ्यानंही भागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रसायनशास्त्र शिकणाऱ्या जवळजवळ शंभर विद्यार्थ्यांच्या मनगटांवर सत्रभर झोप मोजणारे पट्टे बांधले होते. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. पेपरच्या आदल्या एका रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. त्याआधीच्या आठवड्यांत, तो भाग शिकत असताना, झोप किती होती आणि किती नियमित होती, याचा मात्र स्पष्ट संबंध दिसला. हा संबंध आहे, कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही, पण मुनिमाच्या हिशेबाशी तो जुळतो. ज्या दिवशी नोंद झाली त्या रात्री खतावणी व्हायला हवी. महिनाभराच्या कीर्दी साचवून ठेवल्या तर आदल्या रात्री त्या आवरत नाहीत.

मुलांच्या शाळेच्या वेळेकडे यामुळे गंभीरपणे पाहायला हवं. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याचा मुद्दा मांडला होता, त्यानंतर हे झालं. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळा, बसच्या फेऱ्या, आईवडिलांच्या नोकरीच्या वेळा, अशा अडचणी लगेच पुढे आल्या आणि त्या खऱ्याच आहेत. तरी मला हा निर्णय योग्य वाटतो. खंत एवढीच की ज्या वयाला उशिरा उठण्याची शरीरानंच सक्ती केलेली असते, ते वय यात आलं नाही.

वयात येताना मुलांच्या शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. अंधार पडल्यावर झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन त्यांच्या रक्तात लहान मुलांपेक्षा आणि मोठ्यांपेक्षा उशिरा वाढू लागतं. पंधरा वर्षांच्या मुलाला साडेनऊला अंथरुणावर ढकललं तरी त्याचा डोळा लागत नाही, आणि सकाळी सहाला त्याच्यासाठी शरीराची मध्यरात्र संपलेली नसते. १३ ते १८ या वयाला आठ ते दहा तास झोप हवी असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांची संघटना सांगते. आपल्याकडे याच मुलांची शाळा सातला भरते, आणि त्याआधी किंवा रात्री नऊपर्यंत क्लास. याला आपण आळस म्हणतो, पांघरूण ओढतो, पंखा बंद करतो. अमेरिकेतल्या सिॲटल शहरानं २०१६ मध्ये माध्यमिक शाळा ७:५० ऐवजी ८:४५ ला भरवायला सुरुवात केली. अनेकांना वाटलं मुलं आणखी उशिरा झोपतील. दोन शाळांतल्या मुलांची झोप मोजली तर ती सरासरी ३४ मिनिटांनी वाढलेली निघाली.

“लवकर निजे, लवकर उठे” ही ओळ आपण सगळे लहानपणी शिकलो. पुढे घरात फक्त “लवकर उठे” उरलं. घरातला टीव्ही आणि मोबाइल अकरा-साडेअकरापर्यंत चालतात, घराची निजानीज बारानंतर, आणि ब्राह्ममुहूर्ताची अपेक्षा तेवढी मुलांकडून.

मेंदूच्या आरोग्याचं बोलताना जपून बोलावं लागतं, कारण इथे घाबरवणं फार सोपं आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात. २०१३ मध्ये मायकेन नेडरगार्ड यांच्या गटानं उंदरांत दाखवलं की झोपेत मेंदूतल्या पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते, तिथून द्रव वाहतो आणि हा कचरा लवकर वाहून जातो. ‘झोपेत मेंदू धुतला जातो’ ही गोष्ट मग जगभर पसरली. पण २०२४ मध्ये लंडनच्या एका गटाला उंदरांतच उलटं दिसलं: झोपेत ही सफाई मंदावते. वाद अजून मिटलेला नाही. माणसांत, २०१८ मध्ये वीस निरोगी लोकांना एक रात्र जागवल्यावर मेंदूतलं बीटा-अमायलॉइड वाढलेलं आढळलं. आणि ब्रिटनमधल्या जवळजवळ आठ हजार सरकारी कर्मचाऱ्यांचा पंचवीस वर्षं मागोवा घेतल्यावर, पन्नाशी ते सत्तरीपर्यंत सातत्यानं सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त दिसलं. कमी झोपेमुळे आजार, की वर्षानुवर्षं आधी सुरू झालेल्या आजारामुळे झोप कमी, हे अशा अभ्यासातून पुरतं सुटत नाही. एखाद्या परीक्षेच्या जागरणानं कुणाला स्मृतिभ्रंश होत नाही. वर्षानुवर्षांच्या ओढाताणीबद्दल काळजी करावी, इतपत पुरावा मात्र आहे.

घोरण्याकडे आपण दुर्लक्ष करतो, ते करू नये. मोठ्यानं घोरणारा माणूस मधेच गप्प होतो, काही सेकंद श्वास थांबतो, मग धापेसरशी पुन्हा सुरू होतो. हे रात्रीत अनेकदा होत असेल तर त्याची गाढ झोप दर वेळी तुटते आणि रक्तातला ऑक्सिजन उतरतो. असा माणूस आठ तास अंथरुणावर काढूनही दिवसा पेंगतो, विसरतो, चिडतो. यावर उपचार आहेत. स्वतःला हे कळत नाही, शेजारी झोपणाऱ्यालाच सांगावं लागतं.

घरात परीक्षेचं मूल असेल तर मी एवढंच करून पाहायला सांगेन. जे सारखं निसटतं, म्हणजे सनावळ्या, सूत्रं, संस्कृतची रूपं, ते झोपण्याआधी अर्धा तास म्हणून घ्यायचं आणि त्यानंतर मोबाइल हातात घ्यायचा नाही. दिवेलागणीला परवचा म्हणून, जेवून, लगेच निजणारी पिढी हेच करत होती. तिच्या पाढ्यांना रात्रीची खतावणी आपसूक मिळायची. सकाळी पुस्तक न उघडता आधी आठवून पाहायचं. दुपारी पेंग आली तर वीस मिनिटांची वामकुक्षी खुशाल घ्यावी, संध्याकाळी मात्र नको. झोपायची आणि उठायची वेळ रविवारीही फार हलवू नये.

आणि ज्यांना झोपायचं असूनही झोप लागत नाही, त्यांना हे सगळं वाचून धास्ती वाटली असेल. ती बाळगू नका. झोपेची धास्तीच झोपेला जवळ येऊ देत नाही. वीसेक मिनिटं कूस बदलत पडलात तर उठा, मंद दिव्यात काहीतरी निरुपद्रवी करा, डोळे जड झाले की परत या. आठवड्यातून तीन-चार रात्री असं होत असेल आणि महिनोन् महिने चाललं असेल, तर डॉक्टरांकडे गोळी मागण्याआधी सीबीटी-आय या उपचाराबद्दल विचारा. काही आठवड्यांत झोपेच्या सवयी आणि तिच्याबद्दलचे विचार बदलायला शिकवणारी ही पद्धत आहे, आणि जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून तीच सुचवली जाते.